किनारा उभा, गाड्या आडव्या : कोकण किनाऱ्याच्या लोकप्रतिनिधींना खुले पत्र

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतील सन्माननीय आमदार आणि खासदार यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही पाच जण पाठीवर एकेक सॅक घेऊन अलिबागच्या एसटी स्थानकातून निघालो आणि अकराव्या दिवशी दुपारी गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीला उतरलो. आमच्यातला सगळ्यांत धाकटा एकवीस वर्षांचा आणि सगळ्यांत थोरली पंचवीस वर्षांची. दोघे पुण्याचे, एक इचलकरंजीचा, एक मूळची चिपळूणची पण डोंबिवलीत वाढलेली, आणि एक नागपूरची, जिने त्याआधी समुद्र फक्त मुंबईत आणि तोही गर्दीच्या डोक्यांवरून पाहिला होता. आमच्यापैकी कोणाकडेही मोटार नाही. किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे एसटीने पार करायचा, खाडी आली की फेरीबोटीने पलीकडे जायचे आणि पुन्हा एसटी पकडायची, एवढेच आम्ही घरून ठरवून निघालो होतो. मुक्काम जिथे अंधार पडेल तिथे करायचा होता.

या अकरा दिवसांत एकाही चालकाने किंवा वाहकाने आम्हांला तोडून उत्तर दिले नाही. एका वाहकाने तर आमच्या पाचही सॅक मागच्या सीटखाली नीट बसेपर्यंत डबल बेल दिली नाही. त्यामुळे हे पत्र म्हणजे कोणाची तक्रार नव्हे. आमचे मागणे एकच आहे : खाडीच्या एका तीरावर संपणारी एसटी दुसऱ्या तीरावर सुरू होणाऱ्या एसटीशी वेळेने जोडून द्या, आणि सागरी महामार्गावरचे नवे पूल जेव्हा खुले होतील तेव्हा त्यांच्यावरून पहिल्या दिवसापासून एसटी धावेल याची तजवीज आत्ताच करून ठेवा. हे आपल्यालाच लिहिण्याचे कारण असे की, रस्ता बांधणारी यंत्रणा वेगळी, एसटी चालवणारी वेगळी आणि फेरीबोटीला परवानगी देणारी आणखी वेगळी. धक्क्यावर सॅक घेऊन उभा असलेला माणूस या तिघींपैकी कोणाच्याच वहीत नसतो. तो असतो तो फक्त आपल्या मतदारसंघात.

शाळेच्या भूगोलात आम्ही महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटरचा शिकलो. त्या पुस्तकात न सांगितलेली आणि एसटीच्या खिडकीतून लगेच समजणारी गोष्ट ही की, हा किनारा उभा असला तरी त्याच्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटा आडव्या आहेत. कुंडलिका, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटन, कर्ली अशा सगळ्या नद्या सह्याद्रीत उगम पावून पश्चिमेला धावतात आणि समुद्राला मिळण्याआधी रुंद खाड्या होऊन किनाऱ्याचे तुकडे पाडतात. जुना व्यापारी मार्गही तसाच होता : देशावरचा माल घाटातून उतरून बंदरावर यायचा. बंदरे एकमेकांशी जोडलेली होती ती समुद्राने. गलबते गेली आणि आगबोटी आल्या, तरी ती जोडणी तशीच राहिली. मुंबईहून निघालेली आगबोट हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत पणजीकडे जात असे आणि बहुतेक ठिकाणी ती खोल पाण्यात थांबून उतारू पडावातून किनाऱ्यावर नेले जात. आमच्या चिपळूणच्या मैत्रिणीची आजी सांगते की, दाभोळला बोटीत बसले की देवगडच्या माहेरी जाताना वाटेत कुठेही गाडी बदलावी लागत नसे. लागत असे ती फक्त बोट. (कोकणातल्या माणसाला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही.)

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली आणि पुढच्या दशकांत ‘गाव तिथे एसटी’ हे वाक्य कोकणातल्या वाडीवाडीपर्यंत खरे होत गेले. पण एसटी रस्त्याने जाणार, आणि रस्ते आडवे, म्हणून गाड्याही आडव्याच राहिल्या : गावातून तालुक्याला, तालुक्यातून महामार्गाला, महामार्गाने मुंबईला. पुढे आगबोट बंद पडली आणि किनाऱ्याला वरपासून खालपर्यंत ओवणारा दोरा तुटला. हा कोणा एकाचा दोष नाही, भूगोलाचा आहे. मात्र तुटलेला दोरा पुन्हा ओवण्याचे काम भूगोल करणार नाही.

आजची स्थिती एका उदाहरणाने सांगतो. दापोलीहून गुहागरला फेरीबोट टाळून रस्त्याने जायचे तर खेड, तिथून चिपळूण आणि मग गुहागर असा शंभर किलोमीटरहून अधिक फेरा पडतो. किनाऱ्याने गेलात तर दापोलीहून दाभोळ, समोरच्या धोपाव्याला फेरीबोटीने आणि तिथून गुहागर असा निम्म्याहूनही कमी प्रवास आहे. दाभोळच्या धक्क्यावर उभे राहिले की पलीकडचा धोपाव्याचा किनारा डोळ्यांना स्पष्ट दिसतो. २००३ पासून तिथे फेरीबोट चालते. गावकरी तिला जंगलजेट्टी म्हणतात आणि ती मोटारी, दुचाक्या, टेम्पो, माणसे, सगळ्यांना घेते. पुढे अशाच बोटी वेश्वी ते बागमांडला, आगरदांडा ते दिघी, तवसाळ ते जयगड अशाही सुरू झाल्या. या बोटी नसत्या तर आमचा प्रवास तिसऱ्याच दिवशी महामार्गाला लागला असता आणि हे पत्रही लिहिले गेले नसते. अडचण आहे ती बोटीतून उतरल्यानंतरची.

एका धक्क्यावरची दुपार सविस्तर सांगतो. गावाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण हे कमीअधिक फरकाने प्रत्येक खाडीवर घडते. आमची बोट पलीकडे टेकली तेव्हा दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. लोखंडी फळी खाली पडली, आधी सात मोटारी निघाल्या, मग दुचाक्या, आणि सगळ्यांत शेवटी आम्ही पाच जण, टोपलीत कोंबड्या घेतलेल्या एक आजी आणि एक नर्सबाई. उताराच्या वरच्या टोकाला एक पत्र्याची निवाराशेड आणि तिच्या शेजारी चहाची टपरी होती. टपरीवाल्याने आमच्याकडे पाहून, विचारायच्या आधीच, ‘दोनची गेली’ असे सांगितले. पुढची साडेपाचला होती. नर्सबाई रोजच्याच असाव्यात. त्यांनी पर्स मांडीवर घेतली, मोबाइल काढला आणि त्या शांतपणे बाकावर बसल्या. आजींना त्याच दिवशी लेकीकडे पोचायचे होते. सात मोटारींपैकी एकही थांबली नाही, आणि थांबली असती तरी कोंबड्या कोणी घेतल्या असत्या असे वाटत नाही. शेवटी एक मिनिडोर आली, तिने आम्हां सहा जणांना कोंबड्यांसकट तालुक्याच्या गावी सोडले आणि भाड्यापोटी जे घेतले त्यात एसटीने तिथून आमचे पुढचे दोन मुक्काम झाले असते.

पुढे एका आगारात वाहतूक नियंत्रकांशी गप्पा झाल्या तेव्हा दहा मिनिटांच्या या चुकामुकीचे कारण समजले. फेरीबोटीच्या वेळा मोटारवाल्यांच्या सोयीने लागलेल्या असतात आणि एसटीच्या वेळा शाळा-कॉलेजच्या घंटेवर आणि तालुक्याच्या बाजारावर. दोन्ही वेळापत्रके आपापल्या जागी शहाणी आहेत. ती एकमेकांना कधी भेटलेलीच नाहीत, इतकेच. नियंत्रक म्हणाले, ‘आम्हांला कुणी लेखी कळवलं की बोट अमुक वाजता लागते, तर गाडी दहा मिनिटं मागंपुढं करायला काय जातंय?’ हे लेखी कळवणारे ‘कुणी’ कोण, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

याच्या उलट व्यवस्थाही आपल्याच किनाऱ्यावर आहे. गेटवेहून मांडव्याला येणाऱ्या काही बोटींच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बसचे भाडे धरलेले असते. बोट लागली की बस उभीच असते आणि शेवटचा उतारू चढला की सुटते. तिथे हे जमते, कारण पलीकडे मुंबई आहे. वेश्वीला आणि तवसाळला पलीकडे मुंबई नाही, म्हणून तिथे ही गोष्ट सरकारी पातळीवर घडवून आणावी लागेल.

आता पुलांविषयी. रेवस ते रेडी सागरी महामार्गाची कल्पना बॅरिस्टर अ. र. अंतुले यांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळातली, म्हणजे १९८० च्या आसपासची. तिला चार दशके उलटून गेली. बाणकोटच्या खाडीत अर्धवट राहिलेल्या पुलाचे खांब आम्ही बोटीतून पाहिले. त्यांच्या माथ्यावर बगळे बसले होते, आणि आमच्या इचलकरंजीच्या मित्राने ‘लाभार्थी’ म्हणून त्यांचा फोटो काढला. आता या मार्गावरच्या मोठ्या खाड्यांवर पूल उभारण्याच्या कामाने पुन्हा वेग घेतला आहे, याचा आम्हांला आनंदच आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला भाट्याची खाडी आणि पूर्णगडची खाडी आज पुलाने ओलांडता येते आणि त्यामुळे त्या भागातला आमचा प्रवास किती सरळ झाला ते आम्ही अनुभवले आहे. पण पूल झाला म्हणजे गाडी आपोआप येईल, असे मानण्यात एक धोका आहे. पूल खुला झाला की फेरीबोट परवडेनाशी होईल आणि बंद पडेल. मोटारवाला पुलावरून जाईल. आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याची बोटही गेली आणि पुलावर एसटीही नाही, अशी अवस्था महिने-वर्षे राहू शकेल. त्या आजी आज निदान पलीकडे तरी पोचतात. म्हणून पुलाच्या उद्‌घाटनाच्या तारखेबरोबरच त्यावरून धावणाऱ्या एसटीच्या वेळाही जाहीर व्हाव्यात, असा आमचा आग्रह आहे.

दुसरी भीती रस्त्याच्या आखणीची आहे. रुंद रस्ता गावाच्या बाहेरून जाणार हे समजण्यासारखे आहे. दिवेआगर, केळशी, आंजर्ले, गुहागर अशा गावांतले रस्ते नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जातात आणि दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात. तिथे रुंदीकरण करणे म्हणजे वाड्या तोडणे. अशा एका गल्लीत आमच्या गाडीसमोर वाळूचा ट्रॅक्टर आला तेव्हा चालकाने डावा आरसा मिटून घेतला, वाहक खाली उतरला आणि गाडीच्या पत्र्यावर थाप मारत, ‘येऊ दे, येऊ दे, येऊ दे… बस्स!’ असे ओरडत उलटा चालत राहिला. गाडी आणि गडगा यांच्यात चार बोटे अंतर उरले असेल. खिडकीतून आत आलेली पोफळीची झावळी माझ्या मांडीवर टेकली आणि गाडी पुढे सरकताना आपली आपण मागे निघून गेली. तेव्हा बाह्यवळण जरूर व्हावे. फक्त एसटीने गावात शिरणे सोडू नये आणि जिथे ती शिरू शकणार नाही तिथे फाट्यावर सावली, बाक, दिवा आणि गावाच्या नावाची पाटी असलेला थांबा रस्त्याच्या मूळ आराखड्यातच असावा. रस्ता झाल्यानंतर थांब्यासाठी जागा शोधायची वेळ आली की तो थांबा कुठल्या तरी उड्डाणपुलाच्या सावलीत जातो, हे चौपदरी रस्त्यांवर आपण सर्वांनी पाहिले आहे.

‘किनाऱ्याने गाडी सोडली तर ती रिकामी धावेल’ असे उत्तर आम्हांला ठाऊक आहे, आणि ते अगदीच खोटे आहे असेही नाही. अलिबागहून थेट रेडीला जाणारी गाडी मागण्याचा वेडेपणा आम्ही करत नाही. आमचे म्हणणे खाडीगणिक तुकड्यांचे आहे : दिघीहून दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करत बागमांडल्यापर्यंत एक, वेश्वीहून वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोलीमार्गे दाभोळपर्यंत दुसरी, धोपाव्याहून गुहागर, वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळपर्यंत तिसरी, आणि जयगडहून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारेमार्गे रत्नागिरी ही चौथी. यांतल्या काही अंतरांवर आजही गाड्या आहेत, त्यामुळे सगळेच नव्याने उभे करायचे नाही. रोज सकाळी एक आणि दुपारी एक अशी फेरी दोन्ही दिशांनी, बोटीच्या वेळेशी जुळवून, लहान गाडीने, ऑक्टोबर ते मे असा एक हंगाम चालवून पाहावी. पावसाळ्यात आम्ही हट्ट धरणार नाही; पावसाळ्यातल्या खाडीशी हट्ट धरायचा नसतो, हे आगबोटवाल्यांनाही माहीत होते.

आणि ही गाडी फक्त आमच्यासारख्या सॅकवाल्यांसाठी चालावी असेही नाही. गुहागर तालुक्यातल्या एका गावी आम्ही वस्तीच्या गाडीने पोचलो. रात्री सव्वाआठला गाडी देवळासमोर वळली, चालक-वाहकांनी डबे उघडले आणि देवळाशेजारच्या खोलीत पथारी टाकली. पहाटे पावणेसहाला त्याच गाडीने आम्ही निघालो. गाडीत कॉलेजची दहा-बारा मुले, मासळीच्या पाट्या घेतलेल्या दोघी, सुपारीचे एक पोते आणि त्याचा मालक, आणि एक्स-रेचे मोठे पाकीट छातीशी धरून बसलेले एक आजोबा होते. ते पाकीट त्यांनी शेवटपर्यंत मांडीवर ठेवले नाही. घडी पडेल अशी भीती असावी. त्या गाडीने तालुक्याचा दवाखाना गाठता येतो. पण आजोबांच्या सुनेचे माहेर, जे त्यांच्या अंगणातून खाडीपलीकडे दिसते, तिथे जाणारी गाडी नाही. किनाऱ्यावरच्या सोयरिकी खाड्या ओलांडून झालेल्या आहेत. गाड्या ओलांडत नाहीत.

पर्यटनाचा हिशेबही आपल्यापुढे मांडायला हवा, कारण किनाऱ्याच्या विकासाची चर्चा शेवटी त्यावरच येऊन थांबते. आम्ही अकरा दिवसांचा खर्च एका वहीत लिहिला. त्यातली सर्वांत मोठी रक्कम घरगुती मुक्कामाला आणि खानावळीला गेली आणि सर्वांत लहान प्रवासाला. म्हणजे आमचे पैसे पेट्रोलपंपावर न जाता गावात राहिले. वेळासला हे विशेष जाणवले. २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या अंड्यांचे संरक्षण होते आणि फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत सकाळ-संध्याकाळ पिल्ले समुद्रात सोडतात. आम्ही गेलो त्या सकाळी पुळणीवरची टोपली उचलली तेव्हा खाली नऊ पिल्ले होती. नागपूरच्या मैत्रिणीने मोजली आणि शेवटचे पिल्लू लाटेत जाईपर्यंत ती जागची हलली नाही. मोटारीने आलेली मंडळी अर्ध्या तासात फोटो काढून हरिहरेश्वरकडे निघून गेली. आम्हांला गाडी साडेनऊची होती, म्हणून आम्ही ज्यांच्याकडे उतरलो होतो त्या काकूंकडे घावणे खाल्ले, चहा दोनदा घेतला, कोकम सरबताच्या दोन बाटल्या विकत घेतल्या, आणि काकांनी नाना फडणविसांच्या या गावाची गोष्ट सांगितली तीही ऐकली. एसटीने येणाऱ्याला रात्र काढावीच लागते. रात्र काढणारा पाहुणा जास्त येईल की अर्ध्या तासाचा, हे ठरवणे काही अंशी आपल्या हातात आहे.

शिवाय एसटीने येणारा मुलगा पुळणीत गाडी घालत नाही. भरतीत रुतलेली मोटार ट्रॅक्टरने ओढून काढण्याचे दृश्य आम्ही दोनदा पाहिले. उतरल्या उतरल्या ‘इथे पोहायला जाऊ नका, ओढ आहे’ असे सांगणारा वाहक किंवा टपरीवाला आम्हांला भेटत असे; काचा वर करून आलेल्यांना तो भेटत नाही.

आम्ही तरुण मंडळी फार गुणी आहोत असा दावा मात्र मी करणार नाही. किनाऱ्यांवर बाटल्या फोडणारे, देवळाच्या आवारात स्पीकर लावणारे आमच्याच वयाचे असतात. आम्हीही देवगडहून आचऱ्यामार्गे मालवणला जाताना पहाटेच्या गाडीत गाणी म्हणायला लागलो, तेव्हा पुढच्या सीटवरचे एक आजोबा मान वळवून म्हणाले, ‘पोरांनू, गळो बरो आसा, पण येळ बरी नाय.’ गाडीभर हसू पिकले आणि आम्ही मालवणपर्यंत गप्प बसलो. मोटारीत गाणाऱ्यांना असे सांगणारे कोणी नसते. म्हणूनही आम्हांला एसटीत बसवणे किनाऱ्याच्या हिताचे आहे.

तिकिटाविषयी दोन शब्द. एसटीची ‘आवडेल तेथे प्रवास’ ही पासाची योजना १९८८ पासून चालू आहे. चार किंवा सात दिवसांचा पास काढला की त्या दिवसांत पासाच्या वर्गातल्या हव्या त्या गाडीत चढता येते. आमच्यासारख्यांसाठी याहून चांगली योजना असू शकत नाही, आणि गंमत म्हणजे महाविद्यालयांत ती फारशी कोणाला माहीत नाही. आमच्यातल्या तिघांनी सात दिवसांचा पास काढला. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत असल्यामुळे दोघी मैत्रिणींनी साधी तिकिटेच घेतली. हा पास खाडीच्या काठावर येऊन थांबतो, कारण फेरीबोट एसटीची नाही. बोटवाल्यांशी बोलणे करून पायी उतारूंचे बोटीचे भाडे या पासात समाविष्ट केले, तर कागदावर ‘आवडेल तेथे’ असे जे लिहिले आहे ते खाडीपलीकडेही खरे होईल. तेरेखोलच्या खाडीवर गोवा सरकारची फेरीबोट आहे आणि तीत पायी माणसाला तिकीटच नाही. तिकडे खाडी ओलांडणे हा रस्त्याचाच भाग समजतात.

मुलींच्या प्रवासाचा मुद्दा मी शेवटाकडे ठेवला असला तरी तो लहान नाही. नागपूरच्या मैत्रिणीला घरून परवानगी मिळाली ती ‘एसटीने जाणार’ या दोन शब्दांवर. संध्याकाळच्या एसटीत गावातली माणसे असतात, वाहक असतो, दिवे असतात. धक्क्यावर चुकलेल्या गाडीनंतर अनोळखी मिनिडोरमध्ये बसायचे की अंधार पडेपर्यंत पत्र्याच्या शेडमध्ये थांबायचे, हा निर्णय पाच जणांच्या घोळक्यात सोपा असतो. दोघीच असत्या तर त्यांनी तो प्रवास तिथेच सोडला असता, असे त्या दोघींनी मला हे पत्र लिहिताना आवर्जून सांगितले आहे.

तातडीने आणि जवळपास बिनखर्चात करता येण्यासारखी एक गोष्टही आहे. प्रत्येक धक्क्यावर एसटीच्या वेळा आणि त्या धक्क्याजवळच्या प्रत्येक स्थानकावर फेरीबोटीच्या वेळा, ठळक मराठीत, एका पाटीवर रंगवून लावाव्यात. आज ही माहिती चहावाल्यांकडे असते. ती अचूक असते, याबद्दल शंका नाही. पण चहावाला जेवायला गेला की सार्वजनिक वाहतुकीची चौकशी खिडकी बंद होते.

दिवाळीची गर्दी ओसरली की नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही हाच प्रवास उलट दिशेने, रेडीहून अलिबागकडे, करणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी आपापल्या मतदारसंघापुरते, म्हणजे एका खाडीपासून दुसऱ्या खाडीपर्यंत, आमच्यासोबत यावे अशी विनंती आहे. जागेची चिंता करू नये. एसटीच्या गाड्यांमध्ये विधिमंडळ सदस्यांसाठी आसन राखून ठेवलेले असते आणि तशी पाटीही खिडकीशी लावलेली असते. फेब्रुवारीत त्या आसनावर कधी कोंबड्यांची टोपली होती, कधी सुपारीचे पोते, आणि हर्णैपासून दापोलीपर्यंत मी.

आपला नम्र,
पाच जणांच्या वतीने, एक प्रवासी